रातकिड्यांची जाति आणि त्यांचें गाणें

डॅनियल ऑटी यांचा ‘द क्रिकेट्स ऑफ हवाई’ हा ग्रंथ १९९४ सालीं फिलाडेल्फिया येथें प्रसिद्ध झाला. हवाई बेटांतील रातकिड्यांची उत्पत्ति, त्यांचें वर्गीकरण आणि त्यांची उत्क्रांति हे तीन विषय त्याच्या उपशीर्षकांतच सांगितलेले आहेत, आणि तिन्हींचें ओझें एकट्या लेखकानें उचललें आहे. इतक्या वर्षांनीं तो परीक्षणास घेण्याचें कारण असें कीं, त्याची खरी परीक्षा या मुदतींतच झाली. कादंबरीचें गुणदोषविवेचन ती छापून आल्याबरोबर करतां येतें. वर्गीकरणाच्या ग्रंथाचें तसें नाहीं. ग्रंथकारानें ज्या दोन जाति वेगळ्या ठरविल्या त्या खरोखर वेगळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यास दुसरीं माणसें, दुसरीं साधनें आणि बराच काळ लागतो. ऑटींच्या ग्रंथास हीं तिन्ही लाभलीं. आतां त्याविषयीं कांहीं निश्चित बोलतां येईल असें आम्हांस वाटतें.

किड्यांच्या ग्रंथाची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. पण या ग्रंथाच्या मुळाशीं जो वाद आहे तो आपल्या अगदीं परिचयाचा आहे. एखाद्या वस्तूची जाति कशावरून ठरवावयाची? रूपावरून, कुळावरून, कीं तिच्या वाणीवरून? एखादी रचना महाकाव्य कीं खंडकाव्य, भावगीत कीं पद, याविषयीं आपल्याकडे जे वाद रंगले त्यांत हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत येऊन गेला आहे. फरक इतकाच कीं, आपल्या वादांचा निकाल लावणारा पंच कोणी नसतो. येथें तो आहे, आणि ती रातकिड्याची मादी आहे!

प्रथम आपल्या भाषेविषयीं एक शब्द बोलणें अवश्य आहे. मराठींत ‘रातकिडा’ या एका नांवाखालीं आपण शेंकडों प्राणी घालतों. संस्कृत कवींनीं ‘झिल्ली’ म्हटलें, आम्हीं ‘किर्र रान’ म्हटलें, आणि कादंबरीकारांनीं तर नायक एकटा पडला रे पडला कीं रातकिड्यांस कामाला लावलें. परंतु हा आवाज एकाचा नसून अनेकांचा आहे, त्या अनेकांत दोन सारखे नाहींत, याची दखल आपल्या वाङ्मयानें फारशी घेतल्याचें आढळत नाहीं. पाश्चात्त्यांचीहि सुरुवात याहून फार चांगली नव्हती. लिनीअसनें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत ‘ग्रिलस’ या एकाच वंशांत रातकिडे, टोळ, नाकतोडे आणि प्रार्थनाकीटकसुद्धां कोंबले होते. गंमत अशी कीं, ऑटींचे जे रातकिडे सर्वांत प्रसिद्ध झाले ते दिवसा गातात. तेव्हां मराठी नांवाचा पूर्वार्धहि त्यांना लागू पडत नाहीं.

हवाईच्या सर्व बेटांचें क्षेत्रफळ एकत्र केलें तरी तें आपल्या पुणें जिल्ह्याहून थोडेंसेंच अधिक भरतें. जवळचें खंड साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर. समुद्रांतून वर आलेल्या ज्वालामुखींचे हे डोंगर. वायव्येकडील कवाई सुमारे पन्नास लक्ष वर्षांचें, आग्नेयेकडील खुद्द हवाई अवघें पांच लक्ष वर्षांच्या आंतबाहेरचें. या एवढ्याशा भूमीवर तेथील मूळच्या रातकिड्यांच्या सुमारे २४० जाति आहेत. संबंध अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहेत त्यांच्या सुमारे दुप्पट! आणि ऑटींचें प्रतिपादन असें कीं, हा सारा विस्तार चारच मूळ पाहुण्यांपासून झाला असावा. वाहत आलेल्या एखाद्या ओंडक्यांत वा वनस्पतीच्या देंठांत घातलेलीं अंडीं, इतक्या भांडवलावर.

त्या चौघांच्या वंशजांनीं काय काय उद्योग केले याचें वर्णन हा ग्रंथाचा सर्वांत सुरस भाग होय. कांहीं झाडांवर गेले; त्यांतल्या ‘लेप्टोग्रिलस’ वंशानें पंखहि टाकले आणि पंखांबरोबर गाणेंहि टाकलें. कांहीं रानांतल्या पालापाचोळ्यांत राहिले. ‘कॅकोनेमोबियस’ वंशाच्या मंडळींनीं खडक पत्करला. त्यांतील एक जाति समुद्राच्या लाटा अंगावर येतील अशा किनाऱ्यावर राहते, दुसऱ्या कांहीं लाव्हारसाच्या गुहांत कायमच्या अंधारांत राहतात. आणि ‘कॅकोनेमोबियस फोरी’ या जातीनें तर कमालच केली आहे. लाव्हा थिजून कांहीं महिने होतात न होतात तोंच, जेथें गवताचें पातें नाहीं अशा काळ्या उघड्या दगडावर ती हजर होते. वाऱ्यानें उडून आलेल्या कचऱ्यावर गुजराण करते, आणि झाडेंझुडपें उगवूं लागलीं कीं तेथून नाहींशी होते. अशा प्राण्याचें वर्णन करतांना ग्रंथकाराची लेखणी थोडी सैल सुटली असती तरी आम्हीं तक्रार केली नसती. पण ऑटी संयमी आहेत. क्वचित् फारच.

आतां मुख्य वादाकडे वळूं. पेटींत टांचणीनें टोंचलेला किडा मुका असतो. हवाईच्या कीटकांचा पहिला मोठा संग्राहक पर्किन्स यानें १८९९ सालीं तेथील या वर्गाचें वर्णन लिहिलें. तो स्वतः रानांत हिंडलेला मनुष्य होता. तरीहि त्याच्या काळीं जाति ठरवावयाची ती डोकें, पंखांवरील शिरा, पायांवरचे कांटे आणि जननेंद्रियें यांवरूनच. या रीतीनें काय होऊं शकतें याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत घडलें. रेन आणि हेबर्ड या दोघां नामांकित विद्वानांनीं १९१५ सालीं अमेरिकेंतील ‘ग्रिलस’ वंशाचे हजारों नमुने तपासले, आणि आजवर निरनिराळीं नांवें दिलेल्या सर्वांची मिळून जाति एकच, असा निकाल दिला. नमुने समोर ठेवून पाहिलें तर निकाल अगदींच अन्यायाचा नव्हता. ते सारखेच दिसत. पुढें फुल्टन नांवाच्या निरीक्षकानें कान लावला. त्यानें १९५२ सालीं, आणि अलेक्झांडर यानें १९५७ सालीं, सिद्ध केलें कीं ज्यांस एक म्हटलें त्यांत अनेक जाति आहेत. त्यांचीं गाणीं निराळीं, त्यांचे ऋतु निराळे, आणि एकीची मादी दुसरीच्या नराकडे जात नाहीं. ऑटी हे याच अलेक्झांडरचे शिष्य. या दोघांनीं १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांतील रातकिड्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तोहि ध्वनिमुद्रण करणारें यंत्र बरोबर घेऊन रात्री गाडीनें हिंडून. हवाईचा ग्रंथ ही त्या घराण्याची पुढची गायकी आहे.

ती गायकी पूर्णत्वास गेली आहे ‘लाउपाला’ या वंशाच्या प्रकरणांत. हें नांव ऑटींनींच दिलें. हवाईच्या भाषेंत ‘लाउ’ म्हणजे पान. पाचोळ्यांत राहणाऱ्या किड्यास तें शोभतेंच. आपल्या ‘पाल्या’शीं त्याच्या उत्तरार्धाचा संबंध जोडण्याचा मोह मराठी वाचकास झाला तर तो त्यानें आवरावा. या वंशांत ३८ जाति गणल्या जातात, आणि प्रत्येक जाति एकाच बेटावर सांपडते. किडे लहान, काळपट तपकिरी, उडतां न येणारे. दोन जातींचे नर शेजारीं ठेवले तर तज्ज्ञासहि ते वेगळे काढणें कठीण. पण नर पंखावर पंख घांसून गाऊं लागला कीं संशय फिटतो. गाणें अगदीं साधें आहे. एकच एक ठोका ठराविक अंतरानें पडत राहतो. तान नाहीं, मुरकी नाहीं, समेवर येणें नाहीं. सेकंदास सुमारे पांच हजार कंपनांचा तो स्वर जवळजवळ सर्वांचा सारखा. निराळी आहे ती लय. एका जातीचा ठोका दोन सेकंदांतून एकदां पडतो, तर दुसरीचे एका सेकंदांत चारांहून अधिक. मधल्या सर्व पायऱ्यांवर कोणी ना कोणी बसलेला आहे. एका रानांत तीन-चार जाति एकत्र असल्या तर त्यांच्या लयी एकमेकींपासून चांगल्या दूर असतात. सारख्या लयीचे दोघे आढळले तर ते निरनिराळ्या बेटांवर.

आपल्या संगीतांत याच्या उलट न्याय आहे. भूप विलंबित लयींत आळवला काय आणि द्रुत लयींत घेतला काय, तो भूपच राहतो. भूप आणि देशकार यांचे पांचहि स्वर तेच; एकाचा वादी गंधार आणि दुसऱ्याचा धैवत, म्हणून ते दोन राग. लयीवरून राग ओळखूं पाहणाऱ्यास आपले गवई हंसतील. लाउपालाच्या मैफलींत मात्र लय हीच जाति आहे, आणि श्रोती लयच ऐकते. प्रयोगशाळेंत मादीस दोन्ही बाजूंनीं निरनिराळ्या लयीचे कृत्रिम ठोके ऐकविले तर ती आपल्या लयीच्या दिशेनें चालूं लागते. ऑटींच्या वर्गीकरणाचा सारा पाया या एका गोष्टीवर आहे. माणसाला काय वेगळें दिसतें हा प्रश्न त्यांनीं गौण मानला. त्या प्राण्यांना स्वतःला काय वेगळें वाटतें हा प्रश्न मुख्य धरला. या एका निर्णयासाठीं हा ग्रंथ मोठा आहे असें आमचें मत आहे.

परंतु मोठा आहे म्हणून त्यावर आक्षेप नाहींत असें नाहीं.

पहिला आक्षेप साधा आहे, व त्याचें उत्तर ग्रंथकाराजवळ आहे. रातकिड्याची लय उष्णमानावर अवलंबून असते. थंडींत ती मंदावते. अमेरिकेंतील डॉलबेअर या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८९७ सालीं रातकिड्याच्या ठोक्यांवरून हवेचें उष्णमान सांगण्याचें सूत्रच प्रसिद्ध केलें होतें. मग डोंगरमाथ्यावरच्या गार हवेंत मोजलेली लय आणि खालच्या रानांत मोजलेली लय यांची तुलना कशी करावयाची? ती एकाच उष्णमानावर आणून करावी लागते. पुढच्या संशोधकांनीं वीस अंशांच्या आसपास मापें घेऊन ही शिस्त कडक पाळली, आणि जातिभेद टिकले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गाणें हें जातीचें लक्षण मानलें तर जे गातच नाहींत त्यांचें काय? लेप्टोग्रिलस मुका, कॅकोनेमोबियस मुका. तेथें ऑटींना पर्किन्सच्याच वाटेनें जावें लागलें. जननेंद्रियांचे आकार, रंग, मापें. म्हणजे एकाच ग्रंथांत ‘जाति’ हा शब्द दोन अर्थांनीं आला. एके ठिकाणीं ती मादीच्या कानानें ठरलेली, दुसरे ठिकाणीं माणसाच्या डोळ्यानें ठरलेली. २४० हा आंकडा या दोन्हींची बेरीज आहे. लाउपालाच्या बाबतींत आंधळे ठरणारे आपले डोळे लेप्टोग्रिलसच्या बाबतींत एकदम विश्वासार्ह कसे झाले, हें वाचकानें विचारलें तर ग्रंथांत त्याचें समाधान होत नाहीं. मुक्या मंडळींत अजून न ओळखलेल्या जाति असतील, किंवा वेगळ्या मानलेल्या एकच असतील. या अडचणीस लेखकानें स्वतंत्र प्रकरण द्यावयास हवें होतें. ग्रंथांतील ही उणीव आम्हांस सर्वांत मोठी वाटते, आणि ती विषयाची नसून विवेचनाची आहे.

तिसरा आक्षेप रक्ताच्या नात्याचा. डॉ. केरी शॉ या विदुषींनीं लाउपालाच्या जातींचे संकर करून पाहिले. ‘कोहालेन्सिस’ ही जलद गाणारी, सेकंदास साडेतीनांहून अधिक ठोके. ‘पॅरानायग्रा’ ही संथ, दीड सेकंदास एक म्हटलें तरी चालेल. दोन्ही हवाई बेटावरच्याच. त्यांचा संकर होतो, संतति निपजते, ती संततिहि प्रजोत्पादनास समर्थ असते, आणि तिची लय आईबापांच्या मधोमध पडते. १९९६ सालच्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, लयीचा हा भेद एका मोठ्या गुणघटकानें होत नसून थोडाथोडा भार उचलणाऱ्या अनेकांनीं होतो. मग ज्या दोहोंचा संकर होतो त्यांस दोन जाति म्हणावयाचें तरी कां? शालेय पुस्तकांतली व्याख्या येथें लंगडी पडते. २००२ सालीं शॉ यांनीं दुसरी पंचाईत उघड केली. पेशीच्या केंद्रांतील वारसाद्रव्यावरून जुळविलेली वंशावळ आणि केवळ आईकडून येणाऱ्या वारसाद्रव्यावरून जुळविलेली वंशावळ या दोन एकमेकींशीं जुळत नाहींत. केंद्रांतील वारसा एक सांगतो, मातृकुल दुसरें. याचा उलगडा त्यांनीं असा केला कीं, या जातींचा इतिहासांत पुनःपुनः परस्परांशीं संबंध आलेला आहे. एका रानांतल्या दोन जातींत आईकडील वारसा इकडून तिकडे झिरपला आहे.

हा आक्षेप प्रथम वाचला तेव्हां ग्रंथाचा पाया खचला असें कोणासहि वाटेल. नीट विचार केला म्हणजे उलटें दिसूं लागतें. इतका संकर होऊनहि लयी एक झाल्या नाहींत! दाराला कडी नसतांना घरें निराळीं राहिलीं, तर त्यांस निराळीं ठेवणारी शक्ति किती बळकट असली पाहिजे? ती शक्ति म्हणजे मादीची निवड. २००९ सालीं शॉ आणि लेस्निक यांनीं दाखविलें कीं, नराची लय ठरविणारा आणि मादीची आवड ठरविणारा असे गुणघटक वारसाद्रव्याच्या एकाच भागांत जोडून आहेत. गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणारीचा कान बरोबरच वारशानें जातात. त्याच सुमारास, २००७ सालीं, आणखी एक पुरावा आला. या किड्यांच्या अंगावरील मेणासारख्या लेपाची घडणहि जातीजातींत निराळी असते. म्हणजे दुरून लय आणि जवळून वास. ऑटींच्या हातीं यांतलें कांहींच नव्हतें. त्यांनीं केवळ कानावर विसंबून ज्या रेषा आंखल्या त्या पुढें आलेल्या पुराव्यानें, किरकोळ दुरुस्त्या सोडल्यास, ठळक झाल्या. मेंडेलसन आणि शॉ यांनीं २००५ सालीं हिशेब केला तेव्हां लाउपालाच्या एका शाखेंत नव्या जाति निर्माण होण्याचा वेग दहा लक्ष वर्षांस ४·१७ असा निघाला. संधिपाद प्राण्यांत एवढा वेग तोंवर कोठेंच नोंदला गेला नव्हता. जेथें रूप बदलण्यास अवकाशच मिळाला नाहीं तेथें रूपावरून जाति शोधणारा रिकाम्या हातीं परतणारच.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी पुढें केलेली आमच्या वाचनांत नाहीं. पण ग्रंथाच्या सिद्धांताची ती सर्वांत कठोर कसोटी आहे, आणि नाट्यहि तिच्यांतच आहे. ‘टेलिओग्रिलस ओशिॲनिकस’ हा काळा शेतांतला रातकिडा हवाईचा मूळचा नव्हे. तो बाहेरून आला. ऑस्ट्रेलियांतील आपल्या जवळच्या भाऊबंदापासून तो मुख्यत्वें गाण्यावरूनच वेगळा ओळखला जातो. हवाईंत त्याची गांठ एका माशीशीं पडली. ही माशी उत्तर अमेरिकेंतून आलेली. नराचें गाणें ऐकून ती त्याचा माग काढते, त्याच्या अंगावर आपल्या अळ्या टाकते, आणि त्या अळ्या त्याला आंतून पोखरून मारतात. जें गाणें मादीस बोलावतें तेंच मृत्यूस बोलावतें. २००३ सालीं मार्लीन झुक आणि त्यांचे सहकारी कवाई बेटावर गेले तेव्हां रान शांत होतें. किडे मेले असतील असें वाटावें, पण शोधतां ते विपुल सांपडले. नरांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांचे पंख मादीसारखे सपाट झाले होते. घांसले तरी आवाज न निघणारे. वीसएक पिढ्यांच्या आंत, वारसाद्रव्यांतील एका बदलानें, एका बेटावरील जातीनें गाणें टाकून दिलें होतें. हे मुके नर उरलेल्या थोड्या गाणाऱ्यांच्या भोंवतीं जमतात, आणि गाण्याकडे येणाऱ्या माद्यांस वाटेंत गांठतात.

या कवाईच्या किड्याची जाति आतां कोणती? ज्या लक्षणावरून तो ओळखला जात होता तें लक्षणच त्यानें टाकलें. तरीहि तो दुसरा कोणी झालेला नाहीं. त्याच्या माद्या अजून जुन्याच गाण्यास कान देतात. यावरून आमच्या मतें ऑटींच्या सिद्धांतास एक मर्यादा पडते. गाणें हें जातीचें प्रमाण आहे, पण जातीचें सर्वस्व नाहीं. तें ऐकूं आलें तर साक्ष पक्की. ऐकूं आलें नाहीं तर साक्षीदार नाहीं एवढेंच, आरोपी नाहीं असें नव्हे. कायद्याच्या अभ्यासकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. कीटकशास्त्रज्ञांस कधींकधीं असते.

या ग्रंथावरून आपल्याकडे पाहिलें तर काय दिसतें? भारतांतील रातकिड्यांवरचा मुख्य ग्रंथ लुसियँ शोपार यांचा. १९६९ सालीं कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षणानें तो प्रसिद्ध केला. शोपार पॅरिसच्या संग्रहालयांतले, रातकिड्यांच्या वर्गीकरणांत त्यांच्या तोडीचा दुसरा मनुष्य त्या काळीं जगांत नव्हता. पण त्यांचें काम मुख्यत्वें पेटीत आलेल्या नमुन्यांवर झालें. सह्याद्रीच्या रानांतला आवाज त्यांच्या टेबलापर्यंत पोंचण्याचा मार्ग नव्हता. तो आवाज मोजण्याचें काम पुढें आपल्याच लोकांनीं हातीं घेतलें. स्वाति दिवाकर आणि रोहिणी बालकृष्णन् यांनीं २००७ सालीं कुद्रेमुखच्या सदाहरित रानांत कोण केव्हां आणि कोणत्या स्वरांत गातो याची नोंद प्रसिद्ध केली. शोपार यांनींच १९३६ सालीं नांव दिलेला ‘ईकँथस हेन्रियाय’ हा नाजूक हिरवट झाडावरचा किडा घ्या. पेटींत तो एक फिकट काडी दिसतो. कर्नाटकांतल्या माळावर त्याचे कांहीं नर पानाला मधोमध भोंक पाडतात, त्यांतून डोकें व पंख बाहेर काढून गातात, आणि पानाचा पडदा करून आपला आवाज वाढवितात. ऋत्विक देब व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२० सालीं दाखविलें कीं, ही युक्ति करणारे बहुधा अंगानें लहान किंवा आवाजानें दुबळे नर असतात, आणि मादी त्यास फसते. टांचणीवरच्या नमुन्यांत यांतलें कांहीं उमटत नाहीं. आपल्या घाटांतील किती ‘एक’ जाति ऐकल्यावर तीन किंवा चार निघतील हा प्रश्न ऑटींचा ग्रंथ मिटतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं, आणि त्याचें उत्तर हवाईंत बसून देतां येण्यासारखें नाहीं.

ग्रंथाच्या लेखनाविषयीं थोडें. वर्णनें आंखीव आहेत. तज्ज्ञास हवें तें नेमक्या जागीं सांपडतें. इतरांनीं प्रारंभींचीं व उत्क्रांतीवरचीं प्रकरणें वाचून मधला भाग चाळावा. नांवें देण्यांत मात्र लेखकाची रसिकता दिसते. ‘कोहालेन्सिस’, ‘हुआलालाई’ हीं डोंगरांवरून, ‘सेरासिना’ हें चेरीच्या फळावरून. बेटांतलीं गांवें, डोंगर, रंग यांचा एक छोटा कोशच त्यांत झाला आहे. संकराच्या प्रश्नाची कल्पना ग्रंथकारास नव्हती असें नाहीं. तथापि त्यानें आपल्या वंशावळी ज्या आत्मविश्वासानें मांडल्या आहेत तो आज थोडा जास्त वाटतो. त्या कच्च्या आहेत असें एक वाक्य अधिक असतें तर पुढच्या वाचकाचा वेळ वाचला असता.

एक गोष्ट ग्रंथांत विखुरलेली आहे, ती एकत्र यावयास हवी होती. पर्किन्सनें १९१३ सालींच लिहून ठेवलें आहे कीं, बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या जेथें पोंचल्या तेथून हवाईचे मूळचे कीटक जवळजवळ नाहींसे झाले. सखल प्रदेशांतलीं जुनीं रानें तर शेतीनें, गुरांनीं आणि डुकरांनीं खाल्लीं. आज मूळचे रातकिडे राहिले ते बहुतेक उंचावरच्या ओल्या रानांत, आणि कांहीं जातींचें सारें राज्य एका डोंगराच्या एका उतारावर आहे. खालच्या रानांत किती लयी होत्या हें पर्किन्सच्या पेटींवरून कळत नाहीं, कारण त्या पेटी मुक्या आहेत. म्हणून या ग्रंथाची नवी आवृत्ति कधीं निघाली तर तींत नकाशांबरोबर प्रत्येक जातीचें मुद्रित गाणें, तें घेतल्याचा दिवस, जागा आणि हवेचें उष्णमान दिलेलें असावें. मुक्या जातींची यादी निराळी छापावी, आणि तिच्या माथ्यावर त्या कशावरून ठरविल्या तें स्पष्ट लिहावें.